मिशनच्या मुलांच्या शाळांतील मंडळे व अभ्यासेतर जीवन (ग्रामीण विदर्भ)

ग्रामीण विदर्भातील कॅथलिक मिशनच्या मुलांच्या हायस्कुलांत तासांव्यतिरिक्त चालणारी स्काऊट पथके, एनसीसी, हाऊस, बँड, विज्ञान मंडळ, भजन-नाटकाचे गट आणि धार्मिक मंडळे यांचा या नोंदीत विचार केला आहे. शाळा चालवणारे फादर-ब्रदर कॅथलिक असले, तरी वर्गातली बहुसंख्य मुले हिंदू, बौद्ध आणि आदिवासी घरांतली असतात. इथली मंडळे समजून घेताना ही गोष्ट आधी ध्यानात ठेवावी लागते.

या भागात मिशनच्या शाळा रुजवण्यात सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचा मोठा वाटा आहे. १८३८ मध्ये आजच्या फ्रान्समधील ॲनसी येथे स्थापन झालेल्या या संघाचे पहिले मिशनरी १८४५ मध्ये भारतात आले. नागपुरात १८७० मध्ये त्यांची शाळा सुरू झाली. पुढे १८८७ मध्ये नागपूरचा आणि १९५५ मध्ये अमरावतीचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अधिकारातला चर्चचा प्रदेश, झाला.

लाल, निळे, हिरवे, पिवळे हाऊस आणि सकाळची असेंब्ली ही चौकट शहरातल्या कॉन्व्हेंटसारखीच असते. फरक पडतो तो शाळा सुटल्यावर. शेवटची घंटा आणि गावाकडची एसटी यांच्यात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे असतात. ती बस चुकली की अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभे राहायचे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली निळी बस मुलींसाठी असते, त्यामुळे मुलांना साधी फेरी किंवा सायकल याशिवाय पर्याय नाही. परिणामी संध्याकाळचा बँडचा सराव, फुटबॉल, नाटकाची तालीम हे सगळे बोर्डिंगच्या मुलांच्या वाट्याला जाते आणि रोज ये-जा करणारे हुशार पोट्टे बाहेर राहतात. हा दोष मुलांच्या आवडीचा नसून वेळापत्रकाचा आहे. ज्या शाळा मंडळांना दुपारचा एक तास देतात, तिथे हे चित्र बदलते. असा तास प्रत्येक खेड्यातल्या शाळेने द्यायलाच हवा.

सगळ्यांत जोमदार म्हणजे स्काऊट. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिरातून सुरू झालेली ही चळवळ भारतात १९५० पासून भारत स्काऊट्स आणि गाईड्स या एका संस्थेखाली आली. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि मग राज्य पुरस्कार अशा पायऱ्या मुले चढतात. ‘खरी कमाई’त ती भेळ-चहा विकून स्वतःच्या कष्टाचा पैसा जमवतात. पण मुलांच्या आठवणीत राहतो तो ‘बिनभांड्याचा स्वयंपाक’. शहरी पथकाला हा प्रकार शिकवावा लागतो. इथली मुले मात्र आजीला पाहत आलेली असतात: पळसाच्या दोन पानांमध्ये कणकेचा पानगा थापायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवायचा, शेजारी वांगे खुपसायचे. पान करपून कडेने सुटले की पानगा झाला. राखेचा वास लागलेले ते वांगे सोलून मीठ-तिखटात कुस्करताना एरवी वर्गात तोंड न उघडणारा मुलगा सगळ्या पथकाला सूचना देत असतो. परीक्षक कागदावर गुण देतात, पण त्या दिवशी त्याला मिळालेला मान गुणपत्रिकेत मावत नाही.

एनसीसीच्या कनिष्ठ विभागात मुख्यतः आठवी-नववीची मुले असतात आणि दोन वर्षांनी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. पोलीस व सैन्यभरतीचे स्वप्न पाहणाऱ्या घरांत तिचे मोल मोठे. मैदानावर कबड्डी, खो-खो आणि फुटबॉल. विदर्भातले कितीतरी क्रीडाशिक्षक अमरावतीच्या १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले आहेत. अशा सरांच्या शाळेत मल्लखांबही दिसतो.

धार्मिक मंडळे कॅथलिक मुलांपुरती असतात: चर्चमधले गायन, वेदीवरची सेवा, यंग ख्रिश्चन स्टुडंट्स ही विद्यार्थी संघटना. अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणालाही धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, ही संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाची तरतूद आहे. त्या तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण असते. स्वच्छता मोहिमेला गाडगेबाबांची २० डिसेंबरची पुण्यतिथी निमित्त ठरते, तर खंजिरीवर तुकडोजी महाराजांचे भजन धरणारा मुलगा दुसऱ्या दिवशी नाताळच्या गाण्यात ढोलकी वाजवतो. कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

वर्षाची लय कापूस ठरवतो. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की हजेरी घटते, आणि नेमकी तेव्हाच गॅदरिंगची तालीम असते. मुख्य भूमिका करणारा मुलगा आठवडाभर शेतात असला, तर जाणते शिक्षक पात्र बदलत नाहीत. संवादांचा कागद त्याच्या गावच्या मित्राबरोबर पाठवतात. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेल्या हातांनी तो प्रयोगाच्या आदल्या दिवशी येऊन उभा राहतो. बहुतेक वेळा संवाद पाठ असतात.