जुनं घर गावाच्या उपयोगाला द्यायचंय? आधी सातबारा बघा

बंद पडलेलं चिऱ्याचं घर बचतगटाच्या बैठकांना, भजनाला, वाचनालयाला द्यावं असं कोकणात बऱ्याच कुटुंबांना वाटतं. हेतू चांगला असतो, तरी तालुक्याला दिलेले प्रस्ताव परत येतात, कारण मालकीचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती जोडलेली असते. असेसमेंटचा उतारा, म्हणजे नमुना ८, ही फक्त कराची नोंद आहे. घराखालची जमीन कोणाची, हे सातबारा आणि जुन्या फेरफारांवरून, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींवरून, पाहतात.

सातबाऱ्यावर बहुधा वारलेल्या आजोबांचं नाव असतं, पुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर), आणि हिस्सेदार निम्मे मुंबईला. म्हणून वारसनोंद आधी. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे द्या. हरकतीचे १५ दिवस नोटीस मिळाल्यापासून धरतात, अर्ज दिल्यापासून नाही. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर करेपर्यंत पुढचं काही करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरची संमती चालत नाही. गणपतीला सगळे घरी येतात, तेव्हाच सह्या उरकून घ्या. एका हिस्सेदारानेही नकार दिला, तर बाकीच्यांना पूर्ण घर देता येत नाही.

घर घेणार कोण? १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, शिवाय धर्मादाय कार्यालयाची नोंदणी. खरी अडचण कूळकायद्याच्या कलम ६३ ची. जमीन शेतीची असेल तर बिगरशेतकरी संस्थेला ती बक्षीस काय, भाडेपट्ट्यानेही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय देता येत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्क रकान्यात कलम ४३ चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन हस्तांतर करण्यावरचं बंधन) असेल तर तीही परवानगी वेगळी. शेतघर म्हणून बांधलेल्या घरात सभागृह चालवायचं तर बिनशेतीचाही प्रश्न येतो. ग्रामसभेचा ठराव जरूर घ्या, पण तो यातल्या कशाचीच जागा घेत नाही. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं, नोटरी पुरत नाही.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. भरतीरेषेजवळच्या ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती होते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटईक्षेत्र (एकूण बांधकामाचं क्षेत्र) वाढवता येत नाही. पुढची पडवी वाढवून हॉल काढायचा बेत इथेच अडतो. घर १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचं असल्याचा पुरावा मागतात आणि तो कोणाकडेच नसतो. ग्रामपंचायतीच्या जुन्या आकारणी नोंदवहीतल्या त्या पानाची साक्षांकित नक्कल मागा. वही वाळवीने खाल्ली असेल तर तसं लेखी घ्या आणि जुनं वीजबिल शोधा. विजयदुर्गासारख्या संरक्षित किल्ल्यापासून १०० मीटरच्या आत घर असेल, तर कौलं उतरवण्याआधी पुरातत्त्वाची परवानगी लागते.

वासे-कौलांचं अंदाजपत्रक, नकाशा, आधार हे सगळं सोपं आहे, शेवटी जोडा.

दर खेपेला एकेक नवी त्रुटी काढून वयस्कर माणसांना तालुक्याला हेलपाटे घालायला लावतात, हे बरोबर नाही. सगळ्या त्रुटी एकदम लेखी मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.