बासिलियास

बासिलियास : कप्पदुकिया प्रांतातील कैसरिया (सध्याचे तुर्कस्तानातील कायसेरी) या शहराबाहेर बिशप संत बासिल (सु. ३३०–३७९) यांनी इ. स. ३७२ च्या सुमारास वसवलेली गरीब, आजारी व वाटसरू यांच्यासाठीची वसाहत. बासिल यांच्या नावावरूनच ती ओळखली जाऊ लागली.

गरिबाला देणे ख्रिस्ती जीवनात आरंभापासूनच होते. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले, त्यात ऐपतीप्रमाणे जमणारी वर्गणी आणि तिच्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे लोक यांना होणारी मदत येते. बासिल यांनी या रीतीला कायमचे छप्पर दिले. सेबास्तेचे बिशप युस्ताथियस यांनी त्यांच्या आधी गरीबगृह काढले होते, त्यामुळे पहिलेपणाचा मान बासिल यांना देता येत नाही. मात्र दानामागचा विचार इतक्या परखडपणे मांडून तो लगेच कामात उतरवणारा त्या काळात दुसरा कोणी दिसत नाही.

बासिल सधन जमीनदार घराण्यातले. अथेन्सला शिकलेले. सु. ३६८-६९ मध्ये कप्पदुकियात दुष्काळ पडला तेव्हा ते कैसरियात धर्मगुरू होते. शहर समुद्रापासून लांब, बाहेरून धान्य येण्याची सोय नाही, आणि ज्यांची कोठारे भरलेली होती ते भाव चढण्याची वाट पाहत बसलेले. बासिल यांचे मित्र नाझियान्झचे ग्रेगरी सांगतात, की बासिल यांनी प्रवचनांनी ही कोठारे उघडायला लावली. मग स्त्रिया, मुले, म्हातारे अशा उपाशी माणसांना एकत्र करून कडधान्याच्या कढणाची पातेली मांडली, सोबत खारवलेले पदार्थ ठेवले आणि येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण ठेवून कमरेला पंचा बांधून स्वतः वाढायला उभे राहिले. वडिलोपार्जित मिळकतही त्यांनी गरिबांसाठी खर्ची घातली, असे त्यांचे धाकटे भाऊ, नायसाचे ग्रेगरी, यांनी लिहून ठेवले आहे.

लूकच्या शुभवर्तमानात (१२:१८) एक श्रीमंत ‘मी आपली कोठारे मोडून मोठी बांधीन’ म्हणतो. त्यावरचे बासिल यांचे प्रवचन आजही अंगावर येते. साठवलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतला अंगरखा उघड्याचा, कुजत पडलेली पायताणे अनवाण्याची, पुरून ठेवलेली चांदी गरजवंताची, असे ते बजावतात. त्यांच्या लेखी, देता येत असून न देणारा दुसऱ्याचे लुबाडतो. याच प्रवचनात धान्यासाठी पोटचे पोर विकायला निघालेला बाप आहे. थोरल्याला विकावे की धाकट्याला, हे त्याला ठरवता येत नाही. एकात आईबापांचे रूप दिसते, दुसरा अजाण. कोणालाच विकले नाही तर सगळेच मरणार. शेवटी रडत तो बाजारात जातो, आणि समोरचा धान्यवाला भावासाठी घासाघीस करतो. व्याजबट्ट्यावरही बासिल यांनी असेच कडक प्रवचन केले.

३७० मध्ये ते बिशप झाले आणि वसाहतीचे काम सुरू झाले. त्याविरुद्ध प्रांताधिपतीकडे कागाळ्या गेल्या. एलियास या प्रांताधिपतीला लिहिलेल्या उत्तरात (पत्र ९४) बासिल हिशेब मांडतात : प्रार्थनामंदिर, धर्मगुरूंची घरे, वाटसरूंसाठी उतारशाळा, रोग्यांची शुश्रूषा करणारे, वैद्य, ओझ्याची जनावरे, वाटेवर सोबत देणारी माणसे, शिवाय लागणारे कारागीर आणि त्यांच्या कामाच्या जागा. यात राज्याचे काय नुकसान झाले, असे ते सरळ विचारतात. रोमन सम्राट व्हॅलेन्स धर्ममताने बासिल यांचा विरोधक, तरी त्यानेही इथल्या गरिबांसाठी जमिनी दिल्याचे थिओडोरेट हा इतिहासकार नोंदवतो.

कुष्ठरोग्यांची जागा इथे सर्वांत महत्त्वाची मानली पाहिजे. घरच्यांनी आणि गावाने हाकललेल्या या माणसांना बासिल भाऊ म्हणून जवळ घेत, त्यांचे चुंबन घेत. नाझियान्झच्या ग्रेगरींनी बासिल यांच्यावरील स्मृतिभाषणात या वसाहतीला ‘नवे शहर’ म्हटले आणि प्राचीन थीब्ज नगराची वेस, पिरॅमिड यांच्याहून ती थोर ठरवली.

सरसकट वाटप मात्र बासिल यांना पसंत नव्हते. खरा गरजू कोण आणि हावेपोटी मागणारा कोण, हे ओळखायला अनुभव लागतो, म्हणून आपले दान वाटपासाठी नेमलेल्या माणसाच्या हाती द्यावे, अशी त्यांची शिकवण पत्र १५० मध्ये आली आहे.

बासिल यांच्यानंतरही वसाहत चालू राहिली. पाचव्या शतकातील इतिहासकार सोझोमेन तिला गरिबांचा सर्वांत नावाजलेला आश्रय म्हणतो आणि तिचा प्रमुख म्हणून प्रापिदियस याचे नाव देतो. हा अनेक खेड्यांची धर्मव्यवस्थाही पाहत असे.