टँक १३० लिटरचा, हवा सव्वातीन लिटर

आमच्या घरी येणारा पाहुणा खाऱ्या पाण्याच्या टँकसमोर उभा राहिला, की थोड्या वेळाने हमखास विचारतो, ‘‘यात ऑक्सिजन कुठं लावलाय?’’ त्याला अपेक्षित असते ती बुडबुड्यांची माळ. कोल्हापुरात मासे विकणारे दुकानदारही एअर पंपाला ‘ऑक्सिजनची मोटर’च म्हणतात, त्यामुळे मोटर दिसली नाही की मासे गुदमरत असणार, असे वाटणे साहजिक आहे. माझ्या टँकमध्ये पाणी ढवळणारा एक छोटा पंप आहे आणि त्याचे तोंड किंचित वर वळवलेले असल्यामुळे पृष्ठभाग सतत थरथरत असतो. एवढ्यावर दोन क्लाऊनफिश, म्हणजे मुलांच्या भाषेतले ‘निमो’, चार वर्षे व्यवस्थित राहिले आहेत. मागच्या महिन्यात एका सुशिक्षित गृहस्थांनी यावर स्वतःच तोडगा काढला : ‘‘बरोबर आहे, एचटूओमध्ये ऑक्सिजन असतोच की!’’ तो असतो खरा, पण हायड्रोजनशी पक्का बांधलेला. माशाच्या कल्ल्यांना लागतो तो हवेतून येऊन पाण्यात विरघळलेला, सुटा ऑक्सिजन, आणि तो किती तुटपुंजा असतो हे आधी पाहायला हवे.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, द्रवात किती वायू विरघळेल हे द्रवावर असलेल्या त्या वायूच्या दाबावर ठरते. समुद्रसपाटीला, २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या सागरी पाण्यात मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्याचे रेणू स्वतःभोवती गुंतवून ठेवतात आणि हा आकडा ६.७ च्या आसपास उतरतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे आपल्या वाट्याला ६.३ मिलिग्रॅमच उरतो. या हिशेबाने माझ्या १३० लिटरच्या टँकमध्ये एकूण ऑक्सिजन सुमारे ८२० मिलिग्रॅम. आपल्याकडच्या एक लिटर हवेत तो पाव ग्रॅमहून किंचित जास्त असतो. एवढा मोठा काचेचा हौद, पण त्यातला सगळा ऑक्सिजन एकेक लिटरच्या तीन बाटल्या आणि वर एक पेला हवेत बसेल! एप्रिल-मे महिन्यांत पाणी ३० अंशांवर गेले की हा साठा आणखी घटतो आणि त्याच वेळी माशांची, जिवाणूंची गरज मात्र वाढते.

त्यामुळे साठ्यापेक्षा आवक महत्त्वाची ठरते, आणि आवक होते ती पृष्ठभागातून. इथेच मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग दिसतो. पाणी अगदी स्तब्ध असेल, तर ऑक्सिजनचे रेणू केवळ विसरणाने (डिफ्यूजनने), म्हणजे आपोआप भरकटत, खाली उतरतात. नवरात्रात महाद्वार रोडच्या गर्दीत, कुठे जायचे हे न ठरवता शिरलेला माणूस जसा धक्क्यासरशी इकडेतिकडे सरकतो, तशी या रेणूची गत असते; आणि अशा भरकटण्यात अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. एक सेंटिमीटर खाली जायला सरासरी सात तास लागतात. तीस सेंटिमीटरसाठी मात्र तीसपट नव्हे, नऊशे पट वेळ, म्हणजे सुमारे साडेआठ महिने! तळाशी बसलेल्या माशाला इतकी वाट पाहता येणार नाही.

प्रत्यक्षात पाणी हलते, पण हवेला अगदी लागून असलेला थर हलायला नाखूश असतो. रासायनिक अभियंते विटमन यांनी १९२३ मध्ये असे चित्र मांडले, की पृष्ठभागाशी एक पातळ स्तब्ध पापुद्रा असतो आणि वायूला तो विसरणानेच ओलांडावा लागतो. हा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरऐवजी एक दशांश मिलिमीटर केला, की आवक पाचपट होते. पुढे त्याच क्षेत्रातल्या हिग्बी यांनी १९३५ मध्ये आणि डँकवर्ट्स यांनी १९५१ मध्ये हे चित्र बदलले. त्यांच्या मते पृष्ठभागाचे पाणी एका जागी बसून नसते. खालून पाण्याचे पुंजके वर येतात, क्षणभर हवेला भिडतात आणि पुन्हा खाली जातात. मला हे अगदी लग्नाच्या पंगतीसारखे वाटते. पानावर बसल्याबसल्या भुकेला माणूस भराभर जेवतो, मग त्याचा वेग मंदावतो. वर आलेला पुंजकाही पहिल्या क्षणी सर्वाधिक वेगाने ऑक्सिजन घेतो आणि भरत गेला की सुस्तावतो. तेव्हा एकच पंगत तासभर बसवून ठेवण्यापेक्षा ती लवकर उठवून पुढची बसवावी. हिग्बी यांच्या सूत्रानुसार, पुंजक्याचा पृष्ठभागावरचा मुक्काम एक चतुर्थांश केला, की ऑक्सिजन आत येण्याचा वेग दुप्पट होतो. थरथरणारा पृष्ठभाग म्हणजे भराभर उठणाऱ्या पंगती, एवढेच माझ्या पंपाचे रहस्य आहे.

मग बुडबुडे निरुपयोगी का? तसेही नाही, हिशेब करून पाहू. एअर पंप मिनिटाला दोन लिटर हवा सोडतो आणि बुडबुडे तीन मिलिमीटर व्यासाचे आहेत असे धरले, तर सेकंदाला सुमारे २,४०० बुडबुडे सुटतात. ते दीड-दोन सेकंदांत वर पोहोचतात, म्हणजे कोणत्याही क्षणी पाण्यात चार हजारांच्या आसपास बुडबुडे असतात आणि त्या सर्वांचे मिळून क्षेत्रफळ तीन फुटी टँकच्या वरच्या पृष्ठभागाच्या जेमतेम तिसरा हिस्सा भरते. त्यांचे मोठे काम वेगळेच आहे : वर जाताना ते तळाचे पाणी ओढून नेतात आणि फुटताना पृष्ठभाग ढवळतात. खाऱ्या पाण्यात या फुटण्याचा एक तोटा असतो. त्यातून उडणारे तुषार झाकणावर, दिव्यावर आणि वायरींवर सुकून मिठाचा पांढरा थर चढवतात. प्रोटीन स्किमरमध्ये, म्हणजे बुडबुड्यांना चिकटलेली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या उपकरणात, मात्र बुडबुडेच हवेत, कारण क्षारयुक्त पाण्यात ते सहजी एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात, आणि तितक्याच हवेतून कितीतरी जास्त क्षेत्रफळ मिळते.

पृष्ठभागावर साचणारा तेलकट तवंग हा या सगळ्याचा शत्रू. तांबड्या रश्श्यावर तर्रीचा जाड थर असला की खालचा रस्सा उकळता असूनही वर वाफ दिसत नाही आणि बेसावध माणसाची जीभ पोळते. टँकमध्ये खाद्यातल्या मेदाचा तवंग याहून कितीतरी पातळ असतो. तो वायूला थेट फारसा अडवत नाही, पण बारीक लहरी दाबून टाकतो, आणि लहरी थांबल्या की पंगतही थांबते. वरचे पाणी काठावरून खालच्या टाकीत सांडण्याची सोय असते ती यासाठीच.

जाता जाता एक गोष्ट. टँक ईशान्येला ठेवावा, आणि मासा मेला तर घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले असे समजावे, अशी समजूत आपल्याकडे फोफावली आहे. समजूत सोयीची आहे, कारण एकदा ती मानली की थर्मामीटर पाहायला नको आणि झाकण उघडायलाही नको. दुसरा मासा आणला की झाले!

ऑक्सिजन आत येतो त्याच दाराने कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, पण त्याचा कारभार गुंतागुंतीचा आहे. सागरी पाण्यात तो वायू म्हणून जेमतेम एक टक्का असतो, बाकीचा बायकार्बोनेट आणि कार्बोनेट या रूपांत दडलेला असतो. वायू बाहेर गेला की या साठ्यातून नवा तयार होतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा समतोल साधायला ऑक्सिजनच्या दहा-वीस पट वेळ लागतो. शिवाय तो साधला जातो खोलीतल्या हवेशी. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग असतो. पावसाळ्यात खिडक्या लावून चार माणसे झोपलेल्या खोलीत तो हजाराच्या वर सहज जातो. अशा वेळी पाणी कितीही ढवळले तरी पीएच (पाणी जितके आम्लधर्मी, तितका कमी असणारा आकडा) साधारण ०.३ ने खालीच राहतो. याची परीक्षा सोपी आहे. टँकमधले पाणी दोन पेल्यांत घेऊन एकात खोलीत आणि दुसऱ्यात गॅलरीत दोन-तीन तास हवा सोडावी आणि मग दोन्हींत पीएचच्या किटमधले थेंब टाकावेत. गेल्या जुलैमध्ये माझ्या गॅलरीतल्या पेल्याचा रंग स्पष्टपणे गडद आला, म्हणजे तिथला पीएच जास्त होता, तेव्हा मी स्किमरची हवेची नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढली.

त्याच पावसाळ्यात एका पहाटे साडेतीनला वीज गेली. रात्रभर शेवाळे ऑक्सिजन बनवत नाही, उलट घेते, म्हणून पहाटे साठा तळाला गेलेला असतो. पंप थांबून तासभर झाला, तसे दोन्ही क्लाऊनफिश कोपरा सोडून वर आले आणि पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करू लागले. बॅटरीवरचा पंप तेव्हा घरात नव्हता. मी न्हाणीघरातला मग धुऊन आणला, टँकमधले पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतू लागलो, आणि मिनिटभर ओतणे, दोन मिनिटे थांबणे असे चालू ठेवले. पाऊण तासाने मासे खाली गेले. वीज सहाच्या सुमारास आली, आणि उजाडल्यावर फरशीवर, खुर्चीवर आणि माझ्या चष्म्याच्या काचांवर मिठाचे पांढरे ठिपके वाळलेले दिसले.