सिलेक्टिव्ह आणि डिफरन्शियल माध्यम: एकाच प्लेटमधील दोन वेगळी कामे

सूक्ष्मजीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेत ‘मॅकॉन्की अगार कोणत्या प्रकारचे माध्यम आहे?’ हा प्रश्न (माध्यम म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठी प्लेटमध्ये ओतलेला पोषक थर) हमखास विचारला जातो आणि ‘डिफरन्शियल’ हे उत्तरही तितक्याच हमखासपणे येते. उत्तर चूक नाही, पण अर्धेच आहे, कारण मॅकॉन्की अगार सिलेक्टिव्हही आहे. नेहमीच्या वापरातली बरीचशी माध्यमे अशी दुहेरी असल्यामुळे ही दोन्ही कामे एकच आहेत असा समज रुजतो.

सिलेक्टिव्ह माध्यमाचा संबंध वाढीशी आहे. काही जिवाणूंची वाढ रोखणारा एखादा घटक, म्हणजे रंगद्रव्य, पित्तक्षार, जास्तीचे मीठ किंवा प्रतिजैविक, त्यात मुद्दाम घातलेला असतो. डिफरन्शियल माध्यमाचे काम कोणालाही रोखणे हे नसते. जे वाढले त्यांच्या चयापचयातला फरक वसाहतीच्या, म्हणजे एकत्र वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्याच्या, रंगावरून किंवा तिच्या भोवती झालेल्या बदलावरून डोळ्यांना दिसावा, एवढ्यासाठी त्याची रचना केलेली असते.

आल्फ्रेड मॅकॉन्की या ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केलेल्या या माध्यमाची सध्या प्रचलित असलेली कृती पाहिली, तर दोन्ही कामे कोणते घटक करतात हे नेमके दाखवता येते. एक लिटर माध्यमात १.५ ग्रॅम पित्तक्षार आणि अवघे १ मिलिग्रॅम क्रिस्टल व्हायोलेट असते. ग्रॅम रंगचाचणीत जिवाणूंचे ग्रॅम-निगेटिव्ह आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह असे दोन गट पडतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य पटलामुळे हे दोन्ही पदार्थ त्यांच्या आत सहजासहजी शिरत नाहीत. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना असे पटलच नसल्यामुळे त्यांची वाढ खुंटते. हा झाला सिलेक्टिव्ह भाग. त्याच लिटरमध्ये १० ग्रॅम लॅक्टोज आणि ३० मिलिग्रॅम न्यूट्रल रेड हा आम्लतेनुसार रंग बदलणारा दर्शक असतो. ई. कोलाय लॅक्टोजचे किण्वन करून आम्ल तयार करतो, सामू ६.८ च्या खाली उतरतो आणि वसाहत गुलाबी-लाल दिसू लागते. साल्मोनेला आणि बहुतेक शिगेला यांना हे जमत नाही. ते पेप्टोनवर, म्हणजे माध्यमातल्या अर्धवट पचवलेल्या प्रथिनांवर, वाढतात आणि त्यांच्या वसाहती रंगहीन राहतात. हा झाला डिफरन्शियल भाग. ई. कोलायच्या वसाहतीभोवती जो धूसर पट्टा दिसतो, तो मात्र आम्लामुळे साक्याच्या रूपात खाली बसलेल्या पित्तक्षारांचा असतो, म्हणजे रोखणारा घटकच इथे ओळख पटवायलाही थोडा हातभार लावतो.

आता मनातल्या मनात या कृतीतून पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट वगळावेत. उरलेल्या प्लेटवर स्टॅफिलोकोकसही आरामात वाढेल, पण लॅक्टोज वापरणारे आणि न वापरणारे वेगळे दिसतच राहतील. उलट लॅक्टोज आणि न्यूट्रल रेड वगळले, तर ग्रॅम-निगेटिव्ह तेवढेच वाढतील, मात्र ई. कोलाय आणि साल्मोनेला रंगावरून ओळखता येणार नाहीत. पाठांतरापेक्षा ही वजाबाकी मला अधिक भरवशाची वाटते.

एकच काम करणारी माध्यमेही आहेत. ब्लड अगारमध्ये साधारण ५ टक्के मेंढीचे रक्त असते. त्यावर बहुतेक जिवाणू वाढतात, पण स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीसभोवती तांबड्या पेशी पूर्ण फुटून पारदर्शक कडे तयार होते, तर न्यूमोकोकसभोवती हिरवट छटा येते. म्हणून ते पोषणाने समृद्ध आणि डिफरन्शियल आहे, सिलेक्टिव्ह नाही. गोनोकोकससाठीचे थेयर-मार्टिन माध्यम याच्या उलट आहे. व्हॅन्कोमायसिन, कोलिस्टिन आणि निस्टॅटिन घालून इतरांना रोखायचे एवढेच त्याचे काम. वाढलेल्यांमधला फरक ते दाखवत नाही. मॅनिटॉल सॉल्ट अगार पुन्हा दुहेरी: ७.५ टक्के मीठ निवड करते, मॅनिटॉल हा शर्करेसारखा पदार्थ आणि फिनॉल रेड हा दर्शक स्टॅफिलोकोकस ऑरियसला पिवळा रंग देऊन वेगळा दाखवतात.

हा फरक अहवाल वाचताना उपयोगी पडतो. मॅकॉन्कीवर काहीच वाढले नाही, याचा अर्थ नमुन्यात जिवाणू नव्हते असा होत नाही, कारण ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू तिथे रोखले गेलेले असू शकतात. म्हणूनच अनेक प्रयोगशाळांमध्ये तोच नमुना ब्लड अगारवरही लावतात. तसेच रंग ही अंतिम ओळख नव्हे. क्लेब्सिएलाही गुलाबीच दिसतो, फक्त त्याच्या वसाहती बहुधा अधिक चिकट असतात. शिगेला सोनाय लॅक्टोज सावकाश वापरतो, त्यामुळे नेहमीच्या १८ ते २४ तासांनी रंगहीन दिसलेली त्याची वसाहत आणखी एक-दोन दिवसांनी गुलाबी होऊ शकते. प्लेट केव्हा वाचली हेही म्हणूनच नोंदवले पाहिजे.

सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी बाब अशी की सिलेक्टिव्ह घटक बऱ्याचदा जिवाणूंना मारत नाहीत, त्यांची वाढ फक्त थोपवून धरतात. सुटी, देखणी, गुलाबी वसाहत लूपने (तारेच्या बारीक कड्याने) उचलताना तिच्या आसपास पडून असलेले, न वाढलेले पण जिवंत जिवाणूही सोबत येऊ शकतात, आणि मग पुढच्या जैवरासायनिक चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे मॅकॉन्कीवरची वसाहत चाचण्यांसाठी घेण्याआधी ती न्यूट्रियंट अगारसारख्या साध्या माध्यमावर पुन्हा स्ट्रीक करून (रेघा ओढून पसरवून) घ्यावी. तिथे कोणालाच मज्जाव नसल्यामुळे मिसळलेला दुसरा जिवाणू असेल, तर तो सहसा दुसऱ्या दिवशी स्वतंत्र वसाहत म्हणून दिसतो.