छपाईची पीडीएफ, पडद्यावरची पीडीएफ आणि पारदर्शकतेचा वाद : पार्श्वभूमी

एकाच मजकुराच्या दोन पीडीएफ करायच्या, एक संकेतस्थळासाठी आणि एक छापखान्यासाठी, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती का पडली, हे सहसा कोणी विचारत नाही. १९९३ मध्ये पीडीएफ आली ती एकच फाइल सगळीकडे सारखी दिसावी म्हणून. पानाचे वर्णन करण्याची पद्धत तिने पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या संगणकीय भाषेकडून उचलली. मात्र प्रत्येक पान स्वतंत्रपणे उघडता येईल अशी तिची रचना होती.

छापखान्यांना एवढे पुरेसे नव्हते. फॉन्ट फाइलमध्ये नसे, चित्रे आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरवा-निळा रंगपद्धतीत, राहून जात, पान नेमके कुठे कापायचे हे कळत नसे, आणि हे सारे बहुधा प्लेट निघाल्यावर ध्यानात येई. यावर उतारा म्हणून २००१ मध्ये पीडीएफ/एक्स-१ए हे मानक ठरले. सर्व फॉन्ट एम्बेड केलेले, म्हणजे फाइलमध्येच घातलेले हवेत, रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया), करडा किंवा स्पॉट (स्वतंत्र शाईचा रंग) एवढेच असावेत, कापण्याची रेषा नोंदलेली हवी आणि छपाई कोणत्या स्थितीसाठी आहे हेही फाइलमध्ये लिहिलेले हवे. पाठवणाऱ्याला फोनवर काही विचारावे न लागता फाइल छापता यावी, हा त्यामागचा उद्देश होता आणि तो बऱ्याच अंशी साधला.

वाद झाला तो पारदर्शकतेच्या मनाईवरून. मऊ सावल्या आणि अर्धपारदर्शक रंग जसेच्या तसे साठवण्याची सोय पीडीएफ १.४ मध्ये २००१ मध्येच आली, पण एक्स-१ए आधीच्या १.३ आवृत्तीवर बेतलेले असल्याने तिला त्यात जागा मिळाली नाही. त्या वेळचे रिप, म्हणजे फाइल वाचून तिचे छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारी यंत्रणा, पोस्टस्क्रिप्टवर चालत आणि पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता ठाऊकच नव्हती. त्यामुळे मनाई निष्कारण नव्हती, हे मान्य करावे लागेल. किंमत मात्र मोठी होती. अशी पाने ‘फ्लॅटन’ (सपाट) करावी लागत, म्हणजे एकमेकांवर आलेल्या आकारांचे तुकडे पाडून प्रत्येकाला अपारदर्शक रंग द्यावा लागे. चौकटीची सावली खालच्या ओळीवर पडली असेल, तर त्या ओळीतल्या सावलीखालच्या अक्षरांचे बाह्यरेषांत किंवा पिक्सेलच्या चित्रात रूपांतर होई, उरलेली अक्षरे फॉन्टमध्ये राहत, आणि छापल्यावर एकाच ओळीतले काही शब्द जाड तर काही बारीक दिसत. हीच फाइल पडद्यावर उघडली की तुकड्यांच्या सांध्यांवर केसासारख्या पांढऱ्या रेघा उमटत. छपाईत त्या सहसा येत नसत, पण ग्राहकाला ते पटवून देणे सोपे नव्हते.

रंगांच्या अटीचेही तसेच. सीएमवायकेत रूपांतर आधीच करून टाकले की चित्र एका कागदाशी बांधले जाते. आर्ट पेपरसाठी तयार केलेली गडद छटा शाई शोषणाऱ्या कागदावर बरबटते. २००२ च्या पीडीएफ/एक्स-३ ने प्रोफाइल (रंगांचा नेमका अर्थ सांगणारी माहिती) जोडलेल्या आरजीबीला मुभा दिली, पण पारदर्शकतेवरची बंदी तिथेही कायम राहिली. ती उठली २००८ च्या पीडीएफ/एक्स-४ मध्ये. त्यानंतरही अनेक छापखाने सवयीने एक्स-१ए मागत राहिले. २००१ मध्ये जी मनाई शहाणपणाची होती, ती पीडीएफ थेट वाचणारे रिप आल्यावरही चालू ठेवणे हे नुकसानीचेच होते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. फाइल सपाट करायचीच असेल, तर ते काम शेवटच्या टप्प्यावर, रिपमध्ये व्हायला हवे.

ऑनलाइन वितरणाची वाट वेगळी होती. १९९६ च्या पीडीएफ १.२ पासून पूर्ण फाइल उतरण्याआधीच पहिले पान दिसू लागले. दीर्घकालीन जतनासाठी २००५ मध्ये आलेल्या पीडीएफ/ए-१ नेही पारदर्शकता नाकारली होती. २०११ मध्ये आलेल्या त्याच मानकाच्या दुसऱ्या भागात, पीडीएफ/ए-२ मध्ये, ती स्वीकारली गेली. २०१२ च्या पीडीएफ/यूए ने मथळे, परिच्छेद आणि वाचनक्रम टॅगने (फाइलमधल्या खुणांनी) दाखवणे आवश्यक केले, जेणेकरून पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला पान नीट वाचता यावे. देवनागरीत हे अधिक नाजूक आहे, कारण ‘कि’ मधली वेलांटी दिसते आधी आणि साठवली जाते नंतर. अक्षराकृती आणि युनिकोड यांची सांगड फाइलमध्ये नसेल, तर कॉपी केलेला मजकूर विस्कटतो. बाह्यरेषा झालेल्या अक्षरांमागे तर मजकूरच उरत नाही, त्यामुळे छापखान्याला दिलेली सपाट फाइल तशीच संकेतस्थळावर चढवली की शोधही चालत नाही आणि वाचनही.