आत्मचित्र (खानदेशाच्या संदर्भात)

आत्मचित्र म्हणजे चित्रकाराने आरशात पाहून किंवा आठवणीने काढलेले स्वतःचे व्यक्तिचित्र. हाताशी दुसरे कोणी नसले तरी स्वतःचा चेहरा असतोच, म्हणून सरावासाठी हा प्रकार पूर्वापार चालत आला. पण काय घालून बसायचे हे चित्रकाराने ठरवले, की चित्रात त्याचा मुलूखही येतो. मेक्सिकोच्या फ्रीडा कालोने (१९०७–५४) दक्षिण मेक्सिकोतील तेउआना स्त्रियांच्या पारंपरिक पेहरावात स्वतःला रंगवले. अमृता शेरगिल (१९१३–४१) यांचे वडील शीख, आई हंगेरियन. १९३४ मध्ये त्यांनी स्वतःला ताहितीच्या स्त्रीच्या रूपात चितारले. पुढे भारतात आल्यावर त्यांची दृष्टी पालटली ती मुख्यतः अजिंठ्याने, आणि अजिंठा खानदेशाच्या अगदी वेशीवर आहे.

खानदेशात या प्रकाराला सर्वांत जवळचे नाव रेम्ब्रांटचे (१६०६–६९), कारण सुमारे ८० आत्मचित्रे करणाऱ्या या डच चित्रकाराच्या नावावरून केकी मूस (१९१२–८९) यांनी चाळीसगावच्या आपल्या बंगल्याला ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ म्हटले. हा पारशी कलावंत आयुष्यातील बहुतेक काळ त्याच वास्तूत राहिला. तेथे आता त्यांचे संग्रहालय आहे.

मात्र स्वतःलाच चित्र करण्याची येथील खरी रीत कॅनव्हासपेक्षा जुनी आहे. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातील काठी गावच्या राजवाडी होळीत व्रत धरलेले नर्तक, म्हणजे बुध्या, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे काढतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवतात, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधतात. ढोल वाजू लागला की भोपळे खडखडतात. नाचणारा घरचाच माणूस असतो, तरी त्या रात्री तो आधी बुध्या असतो. याला आत्मचित्र म्हणणे शास्त्राला धरून नसेल. प्रस्तुत लेखकाला मात्र ते त्याच कुळातले वाटते.

अहिराणी, लेवा, भिली, पावरी बोलणाऱ्या घरांतून आलेल्या चित्रकारापुढे म्हणूनच साहित्य भरपूर आहे : आजीचे नऊवारी, कानबाई देवीच्या रोटांचा दिवस, कपाशीची काळी जमीन, हातावरचे गोंदण. गोंदणाशी एक अडचण येते. आरशात उजव्या मनगटावरचे गोंदण डाव्या मनगटावर गेल्यासारखे दिसते, आणि त्यात नाव असेल तर अक्षरे उलटी उमटतात. चेहऱ्याची अदलाबदल कोणाच्या लक्षात येत नाही. नाव मात्र सुलट करावेच लागते, आणि तेवढ्यापुरता चित्रकार आरसा सोडून स्वतःच्या हाताकडे पाहतो.