बार्शी लाइटच्या जुन्या लोहमार्गावरील सायकलभ्रमण

गाडी बंद झालेल्या लोहमार्गाचे रूळ निघाल्यावर जी वाट उरते, तिच्यावरून सायकलने केलेली भटकंती. मराठवाड्यात तिला खरा वाव आहे तो ‘बार्शी लाइट’ म्हणजे कुर्डुवाडी-लातूर या पूर्वीच्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) मार्गाच्या धाराशिव जिल्ह्यातील भागात, त्यातही येडशीजवळच्या रामलिंग घाटात. पाट्या लावलेला, डांबर टाकलेला सायकलमार्ग इथे नाही. आहे तो भराव, खोदाई, दगडी मोऱ्या आणि त्यांच्यावर वाढलेले रान. तरीही मराठवाड्यातल्या सायकलस्वाराला घराजवळ मिळणाऱ्या वाटांत ही सर्वांत मोलाची आहे.

मार्गाचा इतिहास

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुख्य लाइन बार्शीला बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेली. बार्शीच्या पेठेतला कापूस आणि गळिताचे धान्य बैलगाड्यांनी तिथवर न्यावे लागे. ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हेरली. तो त्याच कंपनीत नोकरीला होता. १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली.

रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉपचे खरे डोके मात्र वजनाच्या वाटणीत दिसते. इंजिन असो की मालडबा, चाकांच्या कोणत्याही एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे हलक्या रुळांवरून भरपूर माल नेता येई, पूल व भराव स्वस्तात होत, आणि आडबाजूच्या पेठेलाही रेल्वे परवडे. पुढे विमानातून उडी मारण्यासाठीचे पॅराशूट घडवणाऱ्यांतही याच माणसाचे नाव येते.

बार्शीच्या पुढे लाइन निजामाच्या मुलखात शिरली. १९०६ मध्ये ती तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. पश्चिमेच्या बाजूला १९०६ मध्ये पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. सगळी मिळून लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. लातूरच्या अडतीचा माल या गाडीने गेला, आषाढी-कार्तिकीला वारकरी गेले. कळंब रोड स्टेशनचे गाव असलेल्या कसबे तडवळ्यात १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत गेला. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘बार्शी लाइट’च राहिली.

२००७-०८ मध्ये लातूर-धाराशिव-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली ‘जलदूत’ याच रुंद झालेल्या मार्गाने आली. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. रुंदीकरणाने या भागाचे भले झाले, हे आधी मान्य करूनच जुन्या वाटेकडे वळले पाहिजे.

काय उरले आहे

जुनी लाइन सगळीच मोकळी झालेली नाही. बऱ्याच ठिकाणी ब्रॉडगेजचे रूळ जुन्याच पट्ट्यावरून किंवा त्याला लागून गेले आहेत आणि तिथे सायकलचा प्रश्नच येत नाही. चालू लोहमार्गाच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते जिवावर बेतणारे आहे.

मोकळी राहिली ती नवी लाइन जिथे वळवली तिथली वाट. नॅरोगेज गाडी धाराशिव शहरात जात नव्हती. ती पांगरीकडून रामलिंगच्या घाटातून थेट येडशीला येई. ब्रॉडगेज धाराशिवला नेल्यामुळे घाटातला हा तुकडा सुटला. लातूर शहरातही जुन्या लाइनीच्या जागेवर रस्ता झाला आहे आणि पत्ता सांगताना आजही ‘जुनी रेल्वे लाइन’ म्हटले जाते. शहरातल्या गर्दीत सायकलला त्याचा फारसा उपयोग नाही, पण रुळांची जागा एकसंध राहिली तर लोक ती वापरतात हे त्यातून दिसते.

चढाची गोष्ट

रेल्वेची वाट सायकलला मानवते याचे कारण चढ. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार चढ सोसत नाही. भोर घाटासारख्या अवघड ठिकाणीसुद्धा लोहमार्गाचा चढ ३७ फुटांना १ फूट एवढाच आहे. रस्ता मात्र घाटात २० फुटांना १ फूट सहज चढतो. म्हणून रेल्वे बांधणारे टेकडी दिसली की ती फोडत, नाला दिसला की भराव टाकत, आणि वळणे मोठी घेत. बालाघाटाच्या कडेला ते नीट समजते. शेजारच्या रस्त्यावर उभे राहून पेडल मारावे लागते तिथे जुन्या रूळवाटेवर एकाच गिअरवर बसल्या बसल्या चढता येते. शंभर वर्षांपूर्वी माती वाहणाऱ्या मजुरांचे कष्ट आजच्या सायकलस्वाराच्या पायांना असे कामी येतात.

खोदाईत शिरल्यावर दोन्ही अंगांना काळ्या खडकाच्या भिंती येतात. त्यावर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उभ्या खुणा कुठे कुठे दिसतात. भरावाखालच्या मोऱ्या घडीव दगडाच्या आहेत. सायकल आडवी ठेवून खाली उतरावे आणि दगडांचे सांधे पाहावेत, असे हे काम आहे.

प्रत्यक्ष फिरताना

घाटातली जमीन मुरमाड आहे. त्यात जुनी खडी मिसळलेली असल्याने अरुंद टायरची रस्त्यावरची सायकल इथे चालत नाही. जाड टायरची, साधी, मजबूत सायकल बरी. येडशी उतरून तडवळे-ढोकीकडे गेले की काळी माती सुरू होते. पावसानंतर ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च भरते, चाक फिरेनासे होते आणि काडी घेऊन उकरत बसावे लागते. पाऊस पडून गेल्यावर दोन-चार दिवस तिकडे न गेलेलेच चांगले.

सर्वांत मोठा त्रास वेड्या बाभळीचा. पडीक भरावावर ती पहिल्यांदा पसरते. तिचा काटा टायरमध्ये शिरून टोकाशी मोडतो, वरून काहीच दिसत नाही, आणि ट्यूब बदलून निघालेला माणूस फर्लांगभरात पुन्हा थांबतो. म्हणून पंक्चर काढताना टायरच्या आतून फडके फिरवावे. काटा असला तर फडके अडकते. मग चिमट्याने तो ओढून काढावा आणि नंतरच ट्यूब घालावी.

पुलांचे गर्डर काढलेले असतील तिथे दोन्ही बाजूंचे दगडी बांधकाम तेवढे उभे राहते आणि वाट एकदम तुटते. म्हणून वेग आवरून चालवावे आणि रानातल्या माणसांना विचारत जावे. ‘दादा, म्होरं पूल नाही, वढ्यातनं घ्या’ हे सांगायला कुणी ना कुणी भेटतेच.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ज्वारी हुरड्यात आलेली असते आणि ऊन सोसते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे सकाळी नऊच्या आत परत यावे. श्रावणात रामलिंगला हिरवाई आणि धबधबा असतो, पण तेव्हा भाविकांची गर्दी मोठी. हा परिसर येडशी रामलिंग घाट अभयारण्यात येतो. झाडीत शिरण्याआधी वनविभागाला विचारावे. माकडे पुष्कळ आहेत, खाण्याची पिशवी हँडलला टांगू नये.

जमिनीचा प्रश्न

रूळ निघाल्यावर पट्टा पडून राहतो आणि हळूहळू तुकड्यांनी नाहीसा होतो. कुठे बांध सरकतो, कुठे मुरूम उपसला जातो, कुठे शेड उभी राहते. यात शेजारच्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, बेवारस दिसणारी जमीन अशीच जाते. पण रूळवाटेची सारी किंमत ती सलग असण्यात आहे. मधले शंभर मीटर गेले की उरलेली वाट कुठेच नेत नाही.

अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून यावर तोड काढली. बंद मार्गाचा पट्टा मोडू न देता पायवाट व सायकलवाट म्हणून राखायचा आणि पुढे गरज पडली तर रेल्वेला परत द्यायचा. स्पेनने १९९३ पासून ‘हिरव्या वाटा’ नावाने जुने लोहमार्ग खुले केले. न्यूझीलंडमध्ये सुमारे दीडशे किलोमीटरची ओटागो वाट २००० मध्ये सुरू झाली आणि तिच्या आधाराने लहान गावांत खाणावळी व मुक्कामाच्या जागा उभ्या राहिल्या.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधले आहे. बार्शीच्या अनुभवावर कॅलथ्रॉपने तिथे लीक अँड मॅनिफोल्ड ही तेवढ्याच रुंदीची, अडीच फुटी लाइन बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली, चालेना म्हणून १९३४ मध्ये बंद पडली, आणि १९३७ मध्ये तिच्या जागेवर सुमारे तेरा किलोमीटरची वाट लोकांना खुली झाली. आज तिथे माणसे पायी आणि सायकलने फिरतात. थोरल्या बहिणीच्या वाटेवर येडशीत अजून बाभळी आहेत. घाटातला पट्टा मोजून हद्दीचे दगड रोवणे, बाभळी काढणे आणि तुटलेल्या ओढ्यांवर साधे लोखंडी साकव टाकणे एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. रेल्वे, वनविभाग आणि ग्रामपंचायती यांनी एकत्र बसण्याची मात्र गरज आहे.

परिसर

येडशीला धाराशिव व लातूरहून रस्त्याने येता येते. रेल्वेने यायचे तर सायकल लगेज म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये चढवावी लागते. रामलिंग हे दरीतले शिवमंदिर आहे. रावणाशी लढताना जखमी झालेल्या जटायूला रामाने इथे पाणी पाजले, अशी कथा सांगितली जाते. पुढे ढोकीवरून तेरला जाता येते. प्राचीन तगर ते हेच. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’मध्ये या व्यापारी पेठेचा उल्लेख आहे. संत गोरोबाकाकांची समाधी, विटांचे त्रिविक्रम मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहायला निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा.